फोटोत चेहरा काळवंडतो, दोष कोणाचा?
कॅमेऱ्यातील तीन खात्यांचा हिशेब

मंगल परिणय आटोपला, की दुसऱ्या दिवसापासून नातेवाइकांच्या मोबाईलवर फोटो फिरू लागतात. वधूची पांढरी साडी, वराचा पांढरा पोशाख, मंचावर पांढरे कापड. प्रत्यक्षात डोळ्यांनी पाहिले तेव्हा सारे कसे लख्ख होते! फोटोत मात्र साडी मळकट करडी झालेली असते आणि चेहरे इतके काळवंडलेले, की मामा कोणते आणि काका कोणते हे उंचीवरून ओळखावे लागते. मग घरातलेच कोणीतरी म्हणते, "आपला रंगच असा. फोटो चांगला कसा येणार?"

हे वाक्य आम्ही अनेक घरांत ऐकले आहे आणि दरवेळी आम्हांस त्याचे वाईट वाटते. कारण ते खरे नाही. फोटो काळवंडतो तो अंगाच्या रंगामुळे नव्हे, तर प्रकाशाचा हिशेब चुकल्यामुळे. हा हिशेब सातवी-आठवीच्या मुलामुलींनाही समजेल इतका सोपा आहे.

आमच्या वस्तीतील समाजमंदिरात आम्ही काही कार्यकर्ते रविवारी मुलामुलींना फोटोग्राफीचे प्राथमिक धडे देतो. साधने म्हणजे दोन जुने कॅमेरे, बाकी ज्याचा त्याचा मोबाईल. तेथे आम्ही जे सांगतो तेच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

तीन खाती

फोटो म्हणजे प्रकाशाची नोंद. कॅमेऱ्याच्या आत पूर्वी फिल्म असे, आता सेन्सर नावाची इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. तिच्यावर प्रकाश कमी पडला तर फोटो काळा येतो, जास्त पडला तर पांढराफटक. योग्य तेवढाच प्रकाश नोंदवण्यासाठी कॅमेऱ्यात तीन गोष्टी असतात. त्यांची नावे ॲपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ. आम्ही कारकुनी करणारी माणसे असल्यामुळे त्यांना तीन खाती म्हणतो. प्रत्येक खात्यातून प्रकाश जमा होतो आणि प्रत्येक खाते त्याबद्दल काही ना काही वसूल करते. फुकट कोणीच देत नाही.

पहिले खाते ॲपर्चरचे. लेन्सच्या आत पातळ पात्यांचे एक गोल छिद्र असते. ते लहान-मोठे करता येते, जसा नळ कमी-जास्त सोडता येतो. त्याचे आकडे असे असतात : एफ/२, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. येथे नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो, कारण आकडा मोठा तर छिद्र लहान. पण जुन्या माणसांना हे चटकन समजते. त्यांना आणे आठवतात. एफ/२ म्हणजे एक छेद दोन, म्हणजे रुपयातले आठ आणे. एफ/४ म्हणजे चार आणे. एफ/८ म्हणजे दोन आणे आणि एफ/१६ म्हणजे एक आणा. येथे रुपया म्हणजे लेन्सचे नाभीय अंतर, ज्याला फोकल लेंग्थ म्हणतात. पन्नास मिलिमीटरची लेन्स असेल, तर एफ/२ ला छिद्राची रुंदी पंचवीस मिलिमीटर आणि एफ/१६ ला जेमतेम तीन मिलिमीटर. वरच्या रांगेत एकेक आकडा पुढे गेले, की दरवेळी प्रकाश निम्मा होतो. या एका पायरीला स्टॉप म्हणतात.

हे खाते वसूल काय करते? छिद्र मोठे ठेवले, की फोटोतला थोडाच भाग स्पष्ट येतो. एफ/२ वर आजीचा जवळून फोटो घेतला तर तिचे डोळे लख्ख दिसतील, पण मागची मांडणी आणि भिंतीवरचे कॅलेंडर पुसट होईल. एकट्या माणसाच्या फोटोला हे चांगलेच. परंतु तीन रांगांचा ग्रुप फोटो असेल, तर मागची रांग धूसर येईल आणि मागच्या रांगेतली माणसे आपणांस आयुष्यभर बोल लावतील. ग्रुप फोटोला एफ/८ च्या आसपास असावे.

दुसरे खाते शटर स्पीडचे. नळ किती सोडला हे ॲपर्चर सांगते, तो किती वेळ सोडला हे शटर सांगते. हा वेळ सेकंदाच्या भागांत असतो : १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५००. येथेही प्रत्येक पायरीला प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. या खात्याची वसुली म्हणजे हालचाल. शटर जास्त वेळ उघडे राहिले तर हललेली वस्तू पसरलेली येते. शांत बसलेल्या माणसाला १/६० पुरते. चालणाऱ्या माणसाला १/२५० लागते. लेझीम खेळणाऱ्या किंवा कबड्डीत चढाई करणाऱ्या मुलीला १/५०० तरी हवे. शिवाय आपला स्वतःचा हातही हलतो. त्यासाठी जुना नियम असा, की लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाचा निदान तितकावा भाग ठेवावा. पन्नासच्या लेन्सला १/६०, दोनशेच्या लेन्सला १/२५०. कोपर छातीला टेकवावे आणि श्वास क्षणभर रोखून बटण दाबावे.

तिसरे खाते आयएसओचे. आलेल्या प्रकाशाला कॅमेरा किती दाद देतो, त्याचा हा आकडा. १००, २००, ४००, ८००, १६००, ३२००. आकडा दुप्पट केला, की तोच फोटो निम्म्या प्रकाशात घेता येतो. फिल्मच्या काळी अमेरिकेची एएसए आणि जर्मनीची डिन अशा दोन वेगवेगळ्या मोजणी चालत. १९७४ पासून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने त्या एकत्र आणल्या, म्हणून संघटनेचेच नाव या आकड्याला मिळाले. पूर्वी शंभरची फिल्म घातली, की छत्तीस फोटो संपेपर्यंत तोच आकडा राही. आता प्रत्येक फोटोला तो बदलता येतो. ही मोठीच सोय झाली. मात्र आकडा फार वाढवला, की फोटोत रव्यासारखे दाणे दिसू लागतात, रंग फिके पडतात. ती त्याची वसुली.

खाते जुळले पाहिजे

आता हिशेब पाहू. समजा, अंगणात सावलीत मुले बसली आहेत आणि एफ/८, १/६०, आयएसओ ४०० या आकड्यांवर फोटो बरोबर येतो आहे. इतक्यात मुले उठून पळू लागली. आता १/६० चालणार नाही, १/२५० हवे. म्हणजे शटरच्या खात्यात दोन स्टॉप कमी पडले. ते दुसरीकडून भरून काढलेच पाहिजेत. ॲपर्चर एफ/८ वरून एफ/४ वर आणा, दोन स्टॉप जमा झाले. किंवा ॲपर्चर तसेच ठेवून आयएसओ ४०० चे १६०० करा, तरी दोन स्टॉपच जमा झाले. फोटोचा उजळपणा तिन्ही वेळा सारखाच. फरक इतकाच, की पहिल्या उपायात मागचे झाड पुसट होईल, दुसऱ्यात थोडे दाणे येतील. यांतले काय पत्करायचे हे फोटो घेणाऱ्याने ठरवायचे. तिन्ही खाती कॅमेऱ्यावर सोपवली, तर हा निर्णय कॅमेराच करून टाकतो आणि आपण नुसते बटण दाबणारे उरतो.

ज्यांना आकड्यांची भीती वाटते त्यांनी एक नियम पाठ करावा. स्वच्छ उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याइतके ठेवा. आयएसओ १०० असेल तर १/१००, किंवा जवळचा १/१२५. कोणतेही यंत्र नसताना जगभरचे छायाचित्रकार वर्षानुवर्षे या नियमावर काम करीत आले. मोकळ्या सावलीत प्रकाश सुमारे तीन स्टॉपांनी कमी होतो, म्हणजे एफ/५.६ वर यावे लागते.

मीटरचा अंदाज

आता मूळ प्रश्न. कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारा मीटर असतो, तरी पांढऱ्या साडीतल्या वधूचा फोटो का बिघडतो?

मीटरला माणूस कळत नाही, साडी कळत नाही, फक्त परत येणारा प्रकाश कळतो. समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचे असणार, असे गृहीत धरूनच तो बनवलेला असतो. हा करडा म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण अठरा टक्के परत पाठवणारा. समोर पांढरी साडी, पांढरा सदरा, पांढरा पडदा असला, की मीटर म्हणतो, "फारच उजेड आहे, कमी करा." तो प्रकाश कमी करतो आणि पांढऱ्याला करडे करून ठेवतो. त्याच हिशेबाने सावळा चेहरा आणखी दोन पायऱ्या खाली ढकलला जातो. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचे तेच होते. रात्रीच्या मिरवणुकीत याच्या नेमके उलट घडते. मागे सगळा काळोख, म्हणून मीटर प्रकाश वाढवतो आणि दिव्याजवळचे चेहरे पांढरेफटक होतात. नव्या कॅमेऱ्यांत व मोबाईलमध्ये चेहरा ओळखण्याची सोय आहे, तिने पुष्कळ मदत होते. पण घोळका असला, माणूस दूर असला किंवा मागे मोठा उजेड असला, की तीही चकते.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हांचे एक बटण असते. पांढरे पुष्कळ असेल तर ते अधिक एकवर न्यावे, गरज पडल्यास दीडवर. काळोख पुष्कळ असेल तर उणे एकवर. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट टेकवावे. बहुतेक मोबाईलमध्ये शेजारी सूर्याचे लहान चिन्ह येते, ते वर सरकवले की फोटो उजळतो. चेहरा नीट दिसेपर्यंत सरकवावे आणि मगच फोटो घ्यावा.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. चेहरा नीट दिसणे म्हणजे चेहरा गोरा होणे नव्हे. पूर्वी स्टुडिओत फोटोला बसण्याआधी पावडर थापली जाई. आता तेच काम मोबाईलचा ब्यूटी मोड करतो आणि लग्नाच्या अल्बममध्ये संगणक करतो. वधूचा चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या रंगाची आणि हात तिसऱ्याच रंगाचे! चेहरा काळोखात बुडवणे आणि चेहऱ्यावर चुना फासणे, दोन्हींत माणूस हरवतो. डोळ्यांतली चमक, कपाळावरच्या रेषा, गालाची गोलाई दिसली पाहिजे आणि रंग जसा आहे तसाच राहिला पाहिजे. म्हणून ब्यूटी मोड बंद करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यंत्रामागेही माणसेच

कोणी म्हणेल, यंत्राला काय भेदभाव कळतो? यंत्राला कळत नाही हे खरे. पण यंत्र कोणासाठी जुळवायचे, हे माणसेच ठरवतात. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना एक नमुना-फोटो पाठवीत असे. त्यावर एक गोरी तरुणी असे. पहिल्या तरुणीच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिच्या त्वचेचा रंग बरोबर आला, की यंत्र बरोबर जुळले असे मानत. त्यामुळे काळ्या माणसांचे फोटो बिघडत. गोरी आणि काळी मुले एकाच वर्गफोटोत असली, की फरक विशेष जाणवे. पुढे चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांनी तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी तक्रार केली आणि फिल्म सुधारण्यास त्याने चालना मिळाली, असे कंपनीच्याच माजी अधिकाऱ्याने सांगितले आहे. माणसांचे चेहरे बिघडत होते तेव्हा जे घडले नाही, ते लाकडासाठी घडले! १९९० च्या दशकात नमुन्यावर वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया आल्या. २०२१ साली गुगलने आपल्या मोबाईलमध्ये सर्व वर्णांची त्वचा खरी दिसावी म्हणून खास व्यवस्था केल्याचे जाहीर केले. म्हणजे हा प्रश्न खरा होता, हे यंत्र करणाऱ्यांनीच कबूल केले.

ज्यांना हा प्रश्न आधीच उमगला होता, अशीही माणसे होऊन गेली. फ्रेडरिक डग्लस हे अमेरिकेत गुलामीत जन्मले, १८३८ साली निसटले आणि गुलामगिरीविरोधी चळवळीचे थोर वक्ते झाले. गोऱ्या चित्रकारांकडून काळ्या माणसाचे निःपक्षपाती चित्र निघत नाही, असे त्यांनी १८४९ सालीच लिहिले होते. कॅमेऱ्यावर मात्र त्यांचा विश्वास होता. त्यांचे सुमारे एकशे साठ वेगवेगळे फोटो संशोधकांना सापडले आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्यांच्याइतके फोटो दुसऱ्या कोणाचेच निघाले नाहीत, अब्राहम लिंकन यांचेही नाहीत. नीटनेटका कोट, रोखलेली नजर. आम्ही कोण आहोत हे आम्ही दाखवू, असे तो प्रत्येक फोटो सांगतो.

गॉर्डन पार्क्स यांनी १९३७ च्या सुमारास गहाणवटीच्या दुकानातून जुना कॅमेरा घेतला आणि स्वतःच शिकले. १९४२ साली त्यांनी वॉशिंग्टनच्या सरकारी इमारतीत सफाई करणाऱ्या एला वॉटसन यांचा फोटो घेतला. हातात झाडू आणि मागे अमेरिकेचा राष्ट्रध्वज. तो फोटो आज जगप्रसिद्ध आहे. आपल्या मुंबईत सुधारक ओलवे यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जिणे कृष्णधवल छायाचित्रांतून जगापुढे ठेवले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या साऱ्यांच्या हाती ही तीनच खाती होती. चौथे खाते कोणाच्याही कॅमेऱ्यात नसते.

घरच्या घरी सुरुवात

आमच्या वर्गात पहिला पाठ दाराशी होतो. घराचे दार उघडावे. ऊन थेट आत येत नसेल अशी वेळ निवडावी. माणसाला दारापासून दोन हात आत, तोंड दाराकडे किंचित तिरपे करून बसवावे. दारातून येणारा मऊ उजेड चेहऱ्याच्या एका बाजूवर पडतो, दुसरी बाजू हळूहळू सावलीत जाते. सावळ्या त्वचेला हा उजेड फार शोभतो. समोरून फ्लॅश मारला तर कपाळ चकाकते आणि मागे काळोख होतो, म्हणून फ्लॅश बंद ठेवावा. सुरुवात एफ/२.८, १/१२५, आयएसओ ४०० वर करावी. फोटो काळसर आला तर शटर १/६० करावे. फोकस नेहमी डोळ्यांवर असावा.

दुसरा पाठ समाजमंदिरातला, रात्री दिव्यांच्या उजेडात. येथे प्रकाश फारच कमी असतो. एफ/२.८, १/५०, आयएसओ १६०० पासून सुरुवात करावी. १/५० कशासाठी? आपल्याकडची वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते, त्यामुळे ट्यूबलाइट आणि पुष्कळसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळते आणि फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. १/५० किंवा १/१०० ठेवले, की पट्टे बहुधा जातात. वक्त्याचा फोटो घेताना तो बोलता बोलता क्षणभर थांबेल तेव्हा बटण दाबावे, म्हणजे १/५० वरही चेहरा हललेला येत नाही.

मोबाईलवाल्यांनी निराश होऊ नये. बहुतेक मोबाईलमध्ये ॲपर्चर कायमचे ठरलेले असते, पण पुष्कळ मोबाईलमध्ये प्रो मोड असतो. त्यात शटर आणि आयएसओ ही दोन खाती आपल्या हाती येतात. प्रो मोड नसेल तर बोट टेकवून उजेड सरकवणे तरी आहेच. शिवाय काढलेल्या फोटोचा तपशील उघडला, की कॅमेऱ्याने कोणते तीन आकडे वापरले ते दिसते. चांगला फोटो आला तर ते आकडे वहीत लिहावेत, बिघडला तरी लिहावेत. अशी पाने भरली, की हिशेब आपोआप तोंडपाठ होतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीने महिनाभर अशी वही ठेवली. आता ती सभागृहात शिरताच वर दिव्यांकडे पाहते आणि आकडे सांगते, आणि ते बहुधा बरोबर निघतात.

महागडा कॅमेरा कर्ज काढून घेण्याची मुळीच गरज नाही. मंडळांनी वर्गणीतून एक जुना कॅमेरा आणि पन्नास मिलिमीटरची, एफ/१.८ ची साधी लेन्स घ्यावी. तो कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलींच्या आणि मुलांच्या हाती आळीपाळीने द्यावा. कार्यक्रमाला मंचावरच्या पाहुण्यांचे फोटो सगळेच घेतात. मागे सतरंज्या अंथरणारे, भांडी घासणाऱ्या भगिनी, पहिल्या रांगेत बसलेली म्हातारी माणसे यांचेही घ्यावेत. आपल्यापैकी किती घरांत पणजीचा एक तरी फोटो आहे? पुष्कळ घरांत तिचे नाव आहे, गाव आहे, तिने उपसलेल्या कष्टांच्या गोष्टी आहेत, पण चेहरा नाही. तेव्हा कॅमेरा परवडणारा नव्हता. आज तो खिशात आहे.

तेव्हा वाचकांनी एवढे करावे. येत्या रविवारी सकाळी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला दाराशी बसवावे. पांढरे लुगडे किंवा पांढरा सदरा असेल तर उजेड एक पायरी वाढवावा. घाई करू नये, गप्पा माराव्यात, हात कापू देऊ नये. दहा-बारा फोटो घ्यावेत, त्यांतला एक निवडून कागदावर छापून घ्यावा आणि मागे पेनाने नाव, गाव, तारीख आणि ते तीन आकडे लिहावेत. पुढे नातवंडे-पतवंडे तो फोटो हातात घेतील, तेव्हा हा चेहरा कोणाचा हे त्यांना कोणाला विचारावे लागू नये.